खाण्याच्या विकारांसाठी विकला जाणारा ‘मेंदू-रसायन’ चाचणी संच : एक परीक्षण

लघवी, लाळ आणि बोटातील रक्ताचे काही थेंब घरीच गोळा करून प्रयोगशाळेकडे पाठवायचे आणि त्यावरून सेरोटोनिन व डोपामिन ही मेंदूतील संदेशवाहक रसायने आणि कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक, तसेच थायरॉइड, इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांच्या पातळ्या सांगणारा अहवाल मिळवायचा, अशा स्वरूपाच्या चाचणी संचाचे हे परीक्षण आहे. हा संच अॅनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे अतिशय कमी करणे), बुलिमिया (भरपूर खाऊन मग उलट्या, रेचके अशा मार्गांनी त्याची भरपाई करणे) आणि अनियंत्रित अतिखाण्याचा विकार, म्हणजे बिंज ईटिंग, असणाऱ्या व्यक्तींना व त्यांच्या कुटुंबीयांना उद्देशून विकला जातो आणि ‘विकाराचे मूळ रासायनिक कारण शोधा’ असे आश्वासन देतो. आमच्या घरात अॅनोरेक्सियाचा रुग्ण आहे, उपचार सुरू आहेत, आणि त्या उपचारांना जोड म्हणून आम्ही हा संच मागवला होता. विक्रेत्याचे नाव मी देत नाही. साधारण याच धर्तीचे संच अनेक जण विकतात आणि माझा आक्षेप त्यांच्यामागील मूळ कल्पनेला आहे.

नमुने गोळा करण्याच्या सूचना स्पष्ट होत्या, नळ्यांवर वेळेप्रमाणे रंगीत चिठ्ठ्या होत्या, परतीचे पाकीट सोबत होते आणि अहवाल सांगितलेल्या मुदतीत आला. या बाबतीत तक्रार नाही.

अहवाल दिसायला अतिशय नीटनेटका आहे. प्रत्येक रसायनापुढे एक आडवी पट्टी, तिच्यात हिरवा, पिवळा आणि लाल भाग, आणि रुग्णाची पातळी दाखवणारा ठिपका. आमच्या अहवालात सेरोटोनिन लाल भागात ‘कमी’, डोपामिन पिवळ्या भागात ‘जास्त’, कॉर्टिसोल ‘जास्त’, इस्ट्रोजेन ‘अत्यंत कमी’ आणि टी-३ हे थायरॉइड संप्रेरक ‘कमी’ होते. पुढच्या पानावर या ‘असंतुलनावर’ उपाय म्हणून पूरक गोळ्यांची यादी होती आणि त्या गोळ्या त्याच विक्रेत्याकडे उपलब्ध होत्या. ज्या घरात रोजच्या जेवणाची वेळ म्हणजे तासभराचा संघर्ष झालेला असतो, त्या घरातील माणसांना असा अहवाल हातात पडल्यावर किती हायसे वाटते, हे मी जवळून पाहिले आहे. हा हट्ट नाही, नखरा नाही, आईवडिलांच्या वागण्याची शिक्षा नाही, शरीरात काहीतरी मोजता येण्यासारखे बिघडले आहे, ही जाणीव मोठी असते आणि तिच्यात तथ्यही आहे. त्यामुळेच या संचाचे मूल्यमापन सैल हाताने करून चालणार नाही.

संचासोबतच्या माहितीपत्रकातील पहिला दावा योग्य आहे. खाण्याच्या विकारांना जैविक पाया असतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून अॅनोरेक्सियाच्या जोखमीचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग आनुवंशिक असल्याचे अंदाज निघाले आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय जनुकीय अभ्यासात सुमारे १७ हजार रुग्णांची तुलना निरोगी व्यक्तींशी करण्यात आली आणि जनुकसंचातील ८ ठिकाणे या विकाराशी निगडित आढळली. त्या अभ्यासातील विशेष लक्षणीय भाग असा की, अॅनोरेक्सियाचा जनुकीय संबंध चिंता आणि मंत्रचळ यांसारख्या मानसिक विकारांशी जसा दिसला, तसाच तो इन्सुलिन, रक्तातील मेद आणि शरीराच्या वजनाशी संबंधित चयापचयाच्या गुणधर्मांशीही दिसला. म्हणजे ज्या शरीराने वजन घटू लागताच जोराने भूक लावून प्रतिकार करायला हवा, ते काही व्यक्तींमध्ये कदाचित जन्मतःच वेगळ्या प्रकारे घडलेले असते. माहितीपत्रकाने हे सांगितले असते तर मी त्याचे मनापासून कौतुक केले असते. त्यात मात्र ‘सेरोटोनिन कमी म्हणून विकार’ एवढेच सरळसोट विधान आहे आणि ते विधान लघवीच्या नळीवर उभे आहे.

शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत तयार होते. रक्तातील सेरोटोनिन बहुतांशी प्लेटलेट पेशींमध्ये साठवलेले असते. मेंदूतील सेरोटोनिन मेंदूतच तयार होते, आणि रक्त व मेंदू यांच्यामधील संरक्षक पडदा सेरोटोनिनच्या रेणूला ओलांडता येत नाही. लघवीत उतरणारे डोपामिन तर प्रामुख्याने मूत्रपिंडातच, रक्तातून आलेल्या एल-डोपापासून तयार होते. तेव्हा लघवीतील या दोन आकड्यांवरून मेंदूविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे शेजारच्या घराचा मीटर पाहून आपल्या घरातील विजेचा वापर ठरवण्यासारखे आहे. वैद्यकशास्त्रात अशा चाचण्यांना स्थान नाही असे नाही. सेरोटोनिनचे विघटन होऊन बनणारे ५-एचआयएए हे द्रव्य लघवीत मोजून कार्सिनॉइड प्रकारच्या गाठीचा शोध घेतला जातो, आणि त्या चाचणीपूर्वी केळी, अननस, अक्रोड असे पदार्थ वर्ज्य करण्यास सांगतात, कारण त्यांच्यामुळे आकडा वाढतो. या संचाच्या सूचनापत्रात खाण्यासंबंधी कोणतेही पथ्य नव्हते. खाण्यावरच मर्यादा आलेल्या रुग्णाचा नमुना तपासताना आहाराचा विचारच न करणे ही मला अक्षम्य त्रुटी वाटते.

मेंदूतील सेरोटोनिनचा अभ्यास संशोधकांनी वेगळ्या आणि कष्टाच्या मार्गांनी केला आहे. मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव कमरेतून सुईने काढून त्यातील ५-एचआयएए मोजले गेले, आणि पेट स्कॅन या मेंदूचे चित्रण करणाऱ्या तपासणीने सेरोटोनिनच्या ग्राहकांची, म्हणजे पेशींवर त्याचा संदेश स्वीकारणाऱ्या रेणूंची, स्थिती पाहिली गेली. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ वॉल्टर के आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या प्रकारच्या कामातून एक विलक्षण चित्र पुढे आले. आजारपणात वजन फार घटलेले असताना अॅनोरेक्सियाच्या रुग्णांमध्ये ५-एचआयएएची पातळी कमी होती. त्यातून बऱ्या झालेल्या स्त्रियांमध्ये मात्र ती निरोगी स्त्रियांपेक्षा जास्त आढळली. यावरून अशी मांडणी केली गेली की या व्यक्तींमध्ये सेरोटोनिनची यंत्रणा मुळातच अधिक सक्रिय असावी आणि तिचा संबंध चिंता, परिपूर्णतेचा अट्टहास आणि संभाव्य चुकांची धास्ती यांच्याशी असावा. सेरोटोनिन ज्यापासून बनते ते ट्रिप्टोफॅन शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागते. खाणे कमी केले की मेंदूकडे जाणारे ट्रिप्टोफॅन कमी होते, सेरोटोनिन घटते, आणि सतत बेचैन असलेल्या व्यक्तीला उपाशी राहिल्यावर काही काळ शांत वाटते. ही अजून मांडणीच आहे, अंतिम सिद्धांत नव्हे. परंतु ‘जेवले की मला जास्त भीती वाटते’ हे वाक्य ज्यांनी रुग्णाच्या तोंडून ऐकले आहे, त्यांना तिच्यातील अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

या पार्श्वभूमीवर अहवालातील ‘कमी सेरोटोनिन’ हा शेरा आणि त्यावर सुचवलेली ५-एचटीपीची, म्हणजे शरीरात ज्याचे सेरोटोनिन बनते त्या द्रव्याची, गोळी पाहावी. आकडा मेंदूचा नाही. तो मेंदूचा आहे असे क्षणभर मानले, तरी ती कमतरता उपासमारीचा परिणाम असण्याचीच शक्यता अधिक. शिवाय रुग्ण फ्लुओक्सेटिनसारखे सेरोटोनिनवर काम करणारे औषध घेत असेल, तर त्यासोबत ५-एचटीपी घेतल्याने सेरोटोनिन सिंड्रोम नावाची गंभीर अवस्था उद्भवू शकते. ‘सध्या कोणती औषधे सुरू आहेत’ हा साधा प्रश्न नोंदणीच्या अर्जात नव्हता. या एका कारणासाठीही मी हा संच कोणाला सुचवणार नाही.

डोपामिनविषयी अहवाल म्हणतो की ते वाढल्यामुळे ‘उत्साह आणि बक्षिसाची ओढ’ वाढते. प्रत्यक्षात अॅनोरेक्सियामध्ये प्रश्न पातळीपेक्षा अनुभवाचा दिसतो. २०१२ सालच्या एका अभ्यासात बऱ्या झालेल्या स्त्रियांना डोपामिन स्रवायला लावणारे अॅम्फेटामिन हे उत्तेजक द्रव्य देण्यात आले, तेव्हा निरोगी स्त्रियांना त्यातून आनंद जाणवला आणि पूर्वी अॅनोरेक्सिया असलेल्या स्त्रियांना चिंता जाणवली. जो संदेश बहुतेकांच्या मेंदूत सुखाचा म्हणून वाचला जातो, तोच येथे धोक्याचा म्हणून वाचला जात असेल, तर चविष्ट पदार्थ समोर आल्यावर रुग्ण का आक्रसतो याचा काहीसा उलगडा होतो. लाल-पिवळ्या पट्टीवरील ठिपक्याने ही गोष्ट कधीच कळणार नाही.

संप्रेरकांच्या बाबतीत माझा आक्षेप निराळा आहे, कारण येथे मोजमाप तुलनेने खरे आहे. लाळेतील कॉर्टिसोल ही मान्यताप्राप्त चाचणी आहे. टी-३ आणि इस्ट्रोजेन यांचे आकडेही रुग्णालयातील तपासणीशी ढोबळमानाने जुळले. चूक आहे ती अर्थ लावण्यात. अन्न अपुरे पडू लागले की शरीर ठरावीक क्रमाने काटकसर सुरू करते. टी-४ या थायरॉइड संप्रेरकाचे अधिक प्रभावी टी-३ मध्ये रूपांतर कमी होते, त्यामुळे चयापचय मंदावतो, हातपाय गार पडतात, नाडी संथ होते, आणि हे सारे होत असताना थायरॉइडला चालना देणारे टीएसएच हे संप्रेरक बहुधा सामान्यच राहते. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाकडून पियूषिका ग्रंथीला जाणारे संकेत विरळ होतात, अंडाशयांना चालना देणारी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके घटतात, अंडाशय शांत होतात, पाळी थांबते. वाढीचे संप्रेरक वाढते, पण यकृत त्याला प्रतिसाद देईनासे होते आणि यकृतात बनणारे, वाढ घडवणारे आयजीएफ-१ हे संप्रेरक खाली जाते. कॉर्टिसोल वाढते. कमी इस्ट्रोजेन, कमी आयजीएफ-१ आणि वाढलेले कॉर्टिसोल या तिन्हींचा मार हाडांवर बसतो, तोही नेमका अशा वयात जेव्हा हाडांनी आयुष्यभराची घनता कमवायची असते. हे सर्व बदल जीव वाचवण्यासाठी शरीराने केलेली तडजोड आहेत. अहवाल मात्र त्यांना पाच स्वतंत्र बिघाड म्हणून मांडतो आणि पाच स्वतंत्र गोळ्या सुचवतो.

त्यांतील ‘थायरॉइडला बळ देणारी’ गोळी मला सर्वांत धोकादायक वाटली. कमी वजनाच्या रुग्णाचे टी-३ बाहेरून वाढवले, तर ज्या हृदयाने आणि स्नायूंनी स्वतःला जपण्यासाठी गती कमी केली आहे, त्यांच्यावरच खर्चाचा बोजा पडतो. इस्ट्रोजेनबाबतही असेच आहे. गर्भनिरोधक गोळ्यांनी दर महिन्याला रक्तस्राव होतो, परंतु अॅनोरेक्सियात त्यांनी हाडांची घनता सुधारत नाही, आणि स्वतःची पाळी परत आली आहे की नाही हे कळण्याची खूणही झाकली जाते. किशोरवयीन मुलींमध्ये त्वचेवरील पट्टीतून दिलेल्या इस्ट्रोजेनचा हाडांना काही लाभ झाल्याचे अभ्यास आहेत. हा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांचा आहे. पाळी परत येण्याचा भरवशाचा मार्ग वजन आणि आहार पूर्ववत होण्याचाच आहे.

उपासमार मनाला काय करते याचा सर्वांत स्पष्ट पुरावा खाण्याचा विकार नसलेल्या माणसांकडून आलेला आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. युद्धात होरपळलेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे समजून घेण्याचा त्यामागे हेतू होता. २४ आठवडे अपुऱ्या आहारावर राहिल्यावर हे स्वेच्छेने सहभागी झालेले, मनाने खंबीर तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले, ताटातील घास तासन् तास चिवडू लागले, मित्रांपासून तुटले, चिडचिडे आणि खिन्न झाले. पुरेसे अन्न मिळू लागल्यावर त्यांच्यातील काहींना खाणे थांबवणे जमेना. आमच्या घरातील ज्या सवयींना आम्ही अनेक महिने ‘स्वभाव बदलला’ असे म्हणत होतो, त्या जवळजवळ सगळ्या या वर्णनात आहेत. ही माहिती संचाच्या कोणत्याही पानावर नाही, आणि कुटुंबाला तिचा जितका आधार होतो तितका कोणत्याही रंगीत पट्टीचा होत नाही.

भूक आणि तृप्ती यांचे थेट नियमन करणारी संप्रेरके या संचात मुळी मोजलीच जात नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. लेप्टिन १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडले. ते शरीरातील मेदपेशींत तयार होते आणि मेदाचा साठा किती उरला आहे हे मेंदूला कळवते. अॅनोरेक्सियात लेप्टिन फार खाली जाते, आणि पाळी बंद होण्यामागेही या घसरणीचा मोठा हात आहे. उंदरांवरील प्रयोगांत, अन्न कमी करून चाक फिरवण्याची सोय दिली की ते उंदीर अधिकाधिक धावू लागतात, आणि लेप्टिन दिल्यावर ही धावपळ कमी होते. रुग्णांची न थांबणारी येरझार, बसायला नकार, पहाटे उठून व्यायाम, यांकडे केवळ वजन घटवण्याचा डाव म्हणून पाहू नये असे यावरून वाटते. कृत्रिम लेप्टिन दिल्यावर मनःस्थितीत लवकर सुधारणा दिसल्याची मोजक्या रुग्णांवरील निरीक्षणे २०२० पासून प्रसिद्ध झाली आहेत, पण तो उपचार अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. घ्रेलिन १९९९ साली जपानी संशोधक कोजिमा आणि कांगावा यांनी शोधले. ते मुख्यतः जठरात तयार होते आणि भूक वाढवते. अॅनोरेक्सियाच्या रुग्णांत घ्रेलिन कमी नसून वाढलेले असते. शरीर भुकेची हाक देत असते आणि तरीही घास उचलला जात नाही. ‘तिला भूकच लागत नाही’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकांनी ही एक गोष्ट तरी लक्षात घ्यावी.

बुलिमिया आणि बिंज ईटिंगसाठी विक्रेता हाच संच आणि हाच नमुना अहवाल वापरतो, हे त्याच्या संकेतस्थळावरील उदाहरणांवरून दिसते. या विकारांची जैविक घडण बरीच वेगळी आहे. जेवणानंतर आतड्यातून स्रवणारे आणि पोट भरल्याची जाणीव देणारे कोलेसिस्टोकायनिन बुलिमिया असलेल्या स्त्रियांमध्ये कमी प्रमाणात वाढते, असे १९८८ सालीच दाखवले गेले होते. मासिक पाळीच्या उत्तरार्धात, प्रोजेस्टेरॉन वाढलेले असताना, अतिखाण्याचे प्रसंग वाढू शकतात. जुळ्या मुलींच्या अभ्यासांत तर असे दिसले की वयात येण्यापूर्वी विस्कळीत खाण्यावरील आनुवंशिक प्रभाव नगण्य असतो आणि वयात आल्यानंतर तो जवळपास निम्म्यावर जातो, म्हणजे अंडाशयातील संप्रेरकांच्या आगमनासोबत काही जनुकांचा प्रभाव जागा होत असावा. पाळीच्या कोणत्या दिवशी नमुना घ्यावा याविषयी सूचनापत्र मौन बाळगते. तेव्हा प्रोजेस्टेरॉनचा एकच आकडा काय सांगणार?

खाण्याच्या विकारात जीव वाचवणाऱ्या चाचण्या साध्या आहेत आणि त्या या संचात नाहीत. वारंवार उलट्या किंवा रेचके यांमुळे पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते. फार काळ उपाशी राहिलेल्या रुग्णाला पुन्हा अन्न सुरू केले की इन्सुलिन वाढते, फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रक्तातून पेशींमध्ये शिरतात आणि रीफीडिंग सिंड्रोम ओढवू शकतो, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत हे क्षार पुन्हा पुन्हा तपासावे लागतात आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यावे लागते. त्याला ईसीजी, नाडी, उभे राहिल्यावर घसरणारा रक्तदाब आणि रक्तातील साखर यांची जोड हवी. या चाचण्या सामान्य आल्या तरी धोका नाही असे समजता येत नाही, इतका हा आजार फसवा आहे. अशा वेळी हिरव्या पट्ट्यांचा अहवाल पाहून एखाद्या कुटुंबाने डॉक्टरांची भेट पुढे ढकलली, तर त्याची किंमत पैशांत मोजता येणार नाही.

अहवालानंतर विक्रेत्याच्या ‘आरोग्य सल्लागाराशी’ दूरध्वनीवर बोलण्याची सोय आहे. कमी वजनाच्या रुग्णांसाठी निराळ्या संदर्भ-मर्यादा आहेत का, असे मी विचारले. नाहीत, असे उत्तर मिळाले. औषध निवडायला या आकड्यांचा उपयोग होतो का, या प्रश्नावर त्यांनी होकार दिला आणि तो चुकीचा आहे. बुलिमियासाठी फ्लुओक्सेटिन ६० मिलिग्रॅम या, नैराश्यातील नेहमीच्या २० मिलिग्रॅमपेक्षा मोठ्या मात्रेत उपयोगी ठरते. अॅनोरेक्सियात वजन कमी असताना तेच औषध फारसे काम करत नाही आणि वजन सुधारल्यानंतरही त्याने आजार उलटण्याचे प्रमाण घटल्याचे २००६ सालच्या मोठ्या चाचणीत दिसले नाही. मध्यम ते तीव्र बिंज ईटिंगसाठी अमेरिकेत २०१५ साली लिसडेक्सअॅम्फेटामिन या उत्तेजक औषधाला मान्यता मिळाली. ओलान्झापिन या मनोविकारांवरील औषधाने अॅनोरेक्सियात वजनवाढीस थोडी मदत होते. यांपैकी कोणतेही औषध लघवीतील सेरोटोनिन किंवा डोपामिन पाहून ठरवले जात नाही. किशोरवयीनांसाठी पालकांच्या हाती जेवणाची जबाबदारी देणारे कुटुंबाधारित उपचार आणि मोठ्यांसाठी खाण्याच्या विकारांकरिता घडवलेली संज्ञानात्मक वर्तन चिकित्सा यांना अधिक भक्कम पुरावा आहे, आणि त्यांचा पाया नियमित, पुरेसे अन्न हाच आहे.

पाचपैकी एक तारा मी देतो, तो नमुना गोळा करण्याच्या सुबक व्यवस्थेसाठी. ज्यांनी हा संच आधीच विकत घेतला आहे, त्यांनी अहवालातील सेरोटोनिन व डोपामिनची पाने बाजूला ठेवावीत आणि टी-३, कॉर्टिसोल व इस्ट्रोजेनचे आकडे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावेत, कारण उपासमार किती खोल गेली आहे याची थोडी कल्पना त्यांतून येऊ शकते. पूरक गोळ्या सुरू केल्या असतील तर त्यांची पूर्ण यादी, प्रत्येकीची मात्रा आणि सुरू केल्याची तारीख याच भेटीत सांगावी, विशेषतः रुग्ण नैराश्यावरील औषध घेत असल्यास. घाम, थरथर, ताप, गोंधळ किंवा स्नायूंचा ताठरपणा दिसला, तर भेटीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.